विद्यारंभ व घराची पूर्वसिद्धता

मूल तीन-साडेतीन वर्षांचें झालें कीं त्यास बालवाडींत घालावयाचें, आणि तत्पूर्वीं घरच्या मंडळींनीं त्याची व आपलीहि कांहीं तयारी करावयाची, ही कल्पना सर्वस्वीं परदेशांतून आलेली आहे, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. याच्या उलट दुसरा समज असा कीं, पाटीपूजन हा आमचा वेदकालापासूनचा संस्कार असून त्यांत सर्व कांहीं आलेंच आहे. नवें शिकण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं. हे दोन्ही समज पुराव्यास टिकत नाहींत असें आम्हांस वाटतें. दोहोंची छाननी करतां करतां एक तिसरीच गोष्ट आमच्या नजरेस आली, व तिच्यासाठींच हें टिपण लिहीत आहों. ती गोष्ट अशी कीं, शाळाप्रवेशाच्या वेळीं तयारी कोणाची अपेक्षित होती, मुलाची, घराची कीं गुरूची, या प्रश्नाचें उत्तर निरनिराळ्या काळीं निरनिराळें मिळतें.

प्रथम दुसऱ्या समजाचा विचार करूं. गृह्यसूत्रांत संस्कारांची मोठी मालिका आहे. तींत चौल आहे, उपनयन आहे, समावर्तन आहे. परंतु अक्षरारंभाचा संस्कार नाहीं. धर्मसूत्रेंहि याविषयीं मुकीं आहेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडांत (१९४१) ही गोष्ट दाखवून दिलेली आहे. यांत आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं. वेदाध्ययन गुरुमुखानें व्हावयाचें. त्यास लिपीची गरज नव्हती. अक्षर व आंकडे ही गोष्ट व्यवहाराची, म्हणून ती प्रथम आढळते तीहि व्यवहाराच्या ग्रंथांत. कौटिल्य सांगतो कीं, राजपुत्राचें चौल झालें म्हणजे त्यास लिपि व संख्यान शिकवावें, आणि त्रयी वगैरे विद्या उपनयनानंतर. कालिदासानें रघूचा अक्षराभ्यास चौलानंतरच घातला आहे, आणि भवभूतीच्या उत्तररामचरितांत वाल्मीकि कुशलवांस चौल झाल्यावर वेद वगळून इतर विद्या शिकवितो. तेव्हां मुंजीपूर्वीं मुलास अक्षरओळख करून देण्याची रीति जुनी आहे, यांत शंका नाहीं. परंतु तिला मंत्र, होम व मुहूर्त यांची जोड पुष्कळ मागाहून मिळाली.

सातव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग लिहितो कीं, येथील मुलें सहाव्या वर्षीं सिद्धम् नांवाच्या वर्णपाठास आरंभ करून सहा महिन्यांत तो पुरा करितात. या सिद्धम् शब्दाचा धागा आमच्या महाराष्ट्रांत अगदीं परवांपर्यंत टिकून होता. पंतोजीच्या शाळेंतील पोर 'ओनामासीधं' म्हणून पहिलें अक्षर गिरवी. त्याचें मूळ ॐ नमः सिद्धम् हें होय, याची गंधवार्ता पोरास नसे आणि बहुधा पंतोजीसहि नसे. आज 'ओनामा' म्हणजे आरंभ एवढाच अर्थ भाषेंत उरला आहे.

विद्यारंभाचा विधि पूर्ण स्वरूपांत आढळतो तो निबंधकारांत. याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेंत अपरार्कानें मार्कंडेयपुराणाच्या नांवानें जीं वचनें दिलीं आहेत तीं या बाबतींत महत्त्वाचीं आहेत. हा अपरार्क म्हणजे उत्तर कोंकणचा शिलाहार राजा अपरादित्य. काळ बारावें शतक. मुलाचें पांचवें वर्ष हें वय. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून आषाढ शुद्ध एकादशीपर्यंत हा काळ. त्यांतून प्रतिपदा, षष्ठी, अष्टमी, पौर्णिमा-अमावास्या व रिक्ता तिथि, तसेच शनिवार-मंगळवार वगळावयाचे. विष्णु, लक्ष्मी व सरस्वती यांची पूजा, आपल्या शाखेच्या सूत्रकारांची व कुलविद्येची पूजा, तुपाचा होम, ब्राह्मणांस दक्षिणा. मग गुरूनें पूर्वेकडे तोंड करून बसावें, मुलास पश्चिमाभिमुख बसवावें, ब्राह्मणांनीं आशीर्वाद द्यावे आणि शिकवणें सुरू करावें.

चातुर्मासांत आरंभ करूं नये हा नियम देव निजले म्हणून केला, असें शास्त्रीमंडळी सांगतील. कोंकणच्या पावसांत पांच वर्षांचें पोर शेताच्या बांधावरून दुसऱ्याच्या ओसरीवर पाठविणें कोणत्या आईस रुचलें असतें, हाहि विचार त्यामागें असावा असें आम्हांस वाटतें. पण हा केवळ आमचा तर्क आहे व त्यास पुरावा नाहीं.

या विधींत लक्षांत घेण्याजोगें असें कीं, सारी खटपट घराची आहे. मुहूर्त बापानें काढावयाचा, द्रव्य त्यानेंच खर्चावयाचें. मुलास काय यावें, त्यानें काय आणावें, तें स्वच्छ असावें कीं हुशार असावें, याविषयीं एक अक्षर नाहीं. त्याच्याकडून अपेक्षित आहे तें वय, नमस्कार आणि पश्चिमेकडे तोंड करून बसणें. अर्थात् ही उदारता एका मर्यादित कुंपणाच्या आंतली आहे. ज्या घरीं होम नाहीं व दक्षिणा द्यावयास द्रव्य नाहीं, त्या घरच्या मुलाचा विचार येथें नाहीं. आणि मुलीचा तर नाहींच.

दक्षिणेंतील मुसलमान घरांतहि असाच एक विधि चालत असे. हर्क्लॉट्स यानें १८३२ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केलेल्या 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथांत दख्खनमधील 'बिस्मिल्ला'चें वर्णन आहे. मूल चार वर्षें, चार महिने व चार दिवसांचें झालें म्हणजे त्यास नवे कपडे घालून, आप्तेष्टांस बोलावून पहिला पाठ द्यावयाचा. हिंदूंचें पांचवें वर्ष आणि हा हिशेब एकाच वयावर येऊन ठेपतात. कोणी कोणाचें घेतलें हा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. मुलाच्या जिभेस व बोटांस स्थिरता केव्हां येते हें दोन्ही समाजांतल्या आयांस सारखेंच ठाऊक होतें, एवढेंच म्हणतां येईल.

आतां शिवकालाकडे वळूं. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांत शिवाजी महाराज सातव्या वर्षीं लिपिग्रहणास योग्य झाले असें पाहून त्यांस समवयस्क मंत्रिपुत्रांसह गुरूच्या स्वाधीन केलें, असा प्रसंग आहे. शिक्षणाच्या इतिहासावर लिहिणारे लेखक हा प्रसंग जसाच्या तसा उचलतात. येथें सावध राहिलें पाहिजे. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत रघूहि समवयस्क अमात्यपुत्रांसहच अक्षर शिकतो. परमानंद कालिदासाच्या शाळेंतला कवि आहे; मंत्रिपुत्र हे प्रत्यक्षांतले आहेत कीं रघुवंशांतून आलेले, हें ठरविण्यास दुसरें साधन हवें. सातवें वर्ष मात्र शास्त्रोक्त पांचव्या वर्षाशीं जुळत नाहीं, आणि म्हणूनच तें आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतें. संकेतच पाळावयाचा असता तर कवीनें पांचवें वर्ष घातलें असतें.

संतांच्या ग्रंथांतूनहि या विषयावर थोडा प्रकाश पडतो. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेस दिला आहे, पण तो हात बसलेल्या लेखकासाठीं आहे, नवशिक्या बालकासाठीं नव्हे. तुकारामबोवांच्या एका अभंगांतला दृष्टांत आमच्या विषयास अधिक जवळचा आहे. त्यांत लेकरासाठीं पंतोजी स्वतःच पाटी हातांत धरतो. दृष्टांत श्रोत्यांच्या नित्य पाहण्यांतला असावा लागतो. त्यावरून सतराव्या शतकांत देहूच्या परिसरांत मुलाचें शिकणें गुरूनें स्वतः मुलाच्या पातळीवर उतरून सुरू होत असे, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. येथें तयारी गुरूची आहे.

पेशवाईनंतरच्या काळाविषयीं मात्र साधनें विपुल आहेत. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत व त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून देशी शाळांची माहिती मागविण्यांत आली. १८२१ सालीं गव्हर्नरच्या कौन्सिलांतील प्रेंडरगॅस्ट यानें असें लिहून ठेविलें कीं, आपल्या मुलखांत लहान-मोठें असें क्वचितच एखादें खेडें असेल कीं जेथें निदान एक तरी शाळा नाहीं. त्याचें हें विधान अतिशयोक्त कीं यथार्थ याविषयीं पुढें पुष्कळ वाद झाला. १८२० ते १८३० मधील हे कागद रा. वि. परुळेकरांनीं एकत्र करून अभ्यासकांवर मोठे उपकार केले आहेत. शाळा म्हणजे पंतोजीचें घर, देवालय किंवा एखाद्या गृहस्थाची ओसरी. साधन म्हणजे लाकडी फळीवर पसरलेली धूळ व टोकदार काडी. यावरूनच धुळाक्षर व धुळपाटी हे शब्द. फी कांहीं रोख, कांहीं धान्यरूपानें, आणि सणासमारंभास शिधा. मुली नाहींत, अस्पृश्य मानिलेल्या जातींचीं मुलेंहि नाहींत.

येथपर्यंत मुलास शाळेंत घालणें ही घराची इच्छा होती. तें घराचें कर्तव्य झालें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८४८ सालीं पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढून कुंपण मोडण्यास आरंभ केला होताच. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत व १९०६ सालीं सर्व राज्यांत सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू केलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं तसाच कायदा अंमलांत आणिला. मूल न पाठविणाऱ्या पालकांस दंड ठेविला. मुहूर्ताची जागा आतां हजेरीपटानें घेतली.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनें युरोपांतील बालशिक्षणाचा विचार आमच्याकडे येऊं लागला. त्याचा जनक फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२). हा एक वर्षाचाहि झाला नव्हता तोंच त्याची आई वारली. १८३७ सालीं त्यानें जर्मनींत ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढली व १८४० सालीं तीस 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हें नांव दिलें. १८४४ सालीं त्यानें जें पुस्तक प्रसिद्ध केलें तें शाळेसाठीं नव्हे, तर आयांसाठीं होतें. त्यांत आईनें मुलास मांडीवर घेऊन म्हणावयाचीं गाणीं, बोटांचे खेळ व चित्रें आहेत. बालोद्यानाची पहिली पायरी आईच्या मांडीवर आहे हें ज्यानें जगास सांगितलें, त्यास स्वतःस ती मांडी आठवतहि नसावी. १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें फ्रोबेलच्या पुतण्याचीं मतें त्याच्यावर लादून बालोद्यानांवर बंदी घातली. ती उठली १८६० सालीं, म्हणजे तो वारल्यावर आठ वर्षांनीं.

हा विचार प्रत्यक्ष शिकून घेणाऱ्या पहिल्या महाराष्ट्रीयांत पंडिता रमाबाईंची गणना केली पाहिजे. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासमारंभास म्हणून त्या फिलाडेल्फियास गेल्या, आणि तेथेंच राहून त्यांनीं फ्रोबेलच्या पद्धतीचा शिक्षणक्रम घेतला. १८८९ च्या मार्चांत मुंबईस शारदासदन काढणाऱ्या रमाबाई सर्वांस ठाऊक आहेत. बालोद्यानाचें शिक्षण घेणाऱ्या रमाबाईंकडे आमच्या इतिहासकारांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं.

यानंतरचा टप्पा रोमचा. ६ जानेवारी १९०७ रोजीं सान लोरेंझो या मजुरांच्या वस्तींत डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं 'बालगृह' उघडलें. तेथें भिंतीवर लाविलेली नियमावली त्यांनीं आपल्या ग्रंथांत दिली आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें तिच्याइतका बोलका कागद दुसरा नसेल. तीन ते सात वर्षांचीं मुलें घ्यावयाचीं. पैसा घ्यावयाचा नाहीं. परंतु आईबापांनीं मूल ठरलेल्या वेळीं, स्वच्छ अंगानें, स्वच्छ कपड्यांत व योग्य तें वरचें वस्त्र घालून पाठवावें. संचालिकेविषयीं आदर राखावा. आईनें आठवड्यांतून निदान एकदां येऊन मुलाविषयीं बोलावें. जें मूल न धुतां किंवा मळक्या कपड्यांत येईल तें काढून टाकण्यांत येईल, आणि ज्याचे आईबाप अनादरानें वागतील तेंहि. म्हणजे येथें मुलाचा प्रवेश घराच्या वर्तनावर अवलंबून ठेविला आहे. पैसा नको, पण तयारी हवी.

हे नियम आम्हीं प्रथम वाचले ते सेवानिवृत्तीनंतर, आणि वाचतांना आमच्या हातून घडलेली एक गोष्ट आठवून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलों. १९८८ च्या सुमारास ज्या शाळेंत आम्ही संस्कृत शिकवीत होतों, तिच्या प्राथमिक वर्गांचे प्रवेश जूनमध्यें असत, आणि एके वर्षीं त्या टेबलावर बसण्याचें काम आमच्याकडे आलें. दुष्काळाचें वर्ष नुकतेंच सरलें होतें. एक बाई मुलास घेऊन आली. मुलाच्या केसांत माती होती, नाक वाहत होतें, जन्मतारीख तिला सांगतां येईना. आम्हीं तिला, कांहींसें शिक्षकी आढ्यतेनेंच, म्हटलें, ''बाई, मुलाला आंघोळ घालून, धुतलेले कपडे घालून आणा. शाळेंत आणायची ही रीत नव्हे.'' ती म्हणाली, ''पाणी दोन कोसावरनं डोईवर आणतोय, गुरुजी. पेयालाच पुरंना.'' आणि मुलाचें बोट धरून निघून गेली. आम्हांस वाटलें, उद्यां येईल. ती आली नाहीं. दुसरीं मुलें रांगेंत होतीं. आम्हींहि चौकशी केली नाहीं. आमचा स्वतःचा प्रवेश झाला तेव्हां आजोबांनीं पाटीवर एकाच्या आंकड्यांची सरस्वती काढून दिली होती, आईनें नवा सदरा घातला होता, आणि गुरुजींनीं आम्हांस काय येतें हें विचारलेंहि नव्हतें.

माँटेसोरीबाईंस दोष देण्याचा हेतु नाहीं. ती वस्ती, ती घरमालक संस्था व तो काळ निराळा होता. शिवाय आईनें आठवड्यास येऊन बोलावें हा नियम घरास मान देणारा आहे, हेंहि खरें. परंतु तोच विचार आमच्या देशांत आला तेव्हां त्याचें काय झालें, हें पाहण्याजोगें आहे.

तो आला भावनगरच्या मार्गानें. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) वकिली सोडून १९१६ सालीं तेथील दक्षिणामूर्ति संस्थेंत गेले आणि १९२० सालीं त्यांनीं बालमंदिर काढलें. आईबाप होणें कठीण आहे, अशा अर्थाच्या नांवाचें त्यांचें एक गुजराती पुस्तकच आहे. १९२३ सालीं ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांस येऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढें शिक्षणपत्रिकेंतून हा विचार मराठी घरांत पोंचूं लागला. हीं सर्व सुशिक्षित घरें होतीं. मुलास मारूं नये, भीति दाखवूं नये, त्याचें काम त्यासच करूं द्यावें, हा उपदेश तीं वाचूं शकत होतीं.

खरी कसोटी लागली ती १९४५ सालीं, ताराबाई ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस गेल्या तेव्हां. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्याच वर्षीं त्यांच्या हाताखालीं आल्या. बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यांतलीं मुलें येईनात. आईबाप पहांटे कामास जात. मुलांस उठवून, धुऊन, पाठविणार कोण? रोमचा नियम लाविला असता तर बालवाडी रिकामीच राहिली असती. ताराबाईंनीं नियम उलटा केला. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, असें ठरवून त्यांनीं वाड्यांतल्याच अंगणांत बालवाडी भरविली. मुलांस आंघोळ घालणें, नखें काढणें, केस विंचरणें हा शिक्षणक्रमाचाच पहिला धडा झाला. परदेशी साहित्याच्या जागीं शिंपले, बिया, माती, पानें आलीं. मध्यवर्ती बालवाडी व अंगण-बालवाडी असे दोन प्रकार त्यांनीं कल्पिले. त्यांतूनच 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हां तो सबंध देशाचा झाला. आज तो हिंदींत व इतर भाषांतहि वापरतात, पण तो बोर्डीच्या वाड्यांत जन्मला हें फार थोड्यांस ठाऊक आहे.

पुढें १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारल्यांच्या घरची अडचण निराळीच. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेंत येईना, कारण कडेवर धाकटें भावंड. मुलगा येईना, कारण गुरें राखावयाचीं. तेव्हां पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत ठेवून तीस विकासवाडी म्हटलें, म्हणजे भावंडास पाळण्यांत ठेवून मुलीस वर्गांत बसतां यावें; आणि गुराख्यांसाठीं शिक्षकच कुरणांत गेला, ती कुरणशाळा. घराची अडचण हीच येथें शाळेच्या रचनेची मूळ आंखणी झाली.

ज्या उत्तर कोंकणांत बाराव्या शतकांत अपरादित्यानें विद्यारंभाचीं वचनें संगृहीत केलीं, त्याच उत्तर कोंकणांत हें घडलें. डहाणू तालुक्याचा हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो. दोहोंमध्यें परंपरेचा धागा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें खोटें होईल. परंतु दोन्ही ठिकाणीं मुलास अट घातलेली नाहीं, हें साम्य आम्हांस दृष्टिआड करवत नाहीं.

अलीकडे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें पायाभूत मानिलीं, २०२१ सालीं पहिलीच्या मुलांसाठीं तीन महिन्यांचा 'विद्याप्रवेश' हा खेळांवर आधारलेला पाठ आला, आणि २०२२ सालीं महाराष्ट्रांत 'पहिले पाऊल' या नांवानें शाळापूर्व तयारीचे मेळावे भरले. त्यांत गांवोगांवीं आयांचे गट केले व घरच्याच वस्तूंनीं मुलांकडून काय करून घ्यावें हें त्यांस दाखविलें. असा एक मेळावा आम्हीं आमच्या गांवीं पाहिला. टेबलें मांडलेलीं, मुलें उड्या मारीत, मणी ओंवीत, रंग ओळखीत एका टेबलावरून दुसऱ्याकडे जात होतीं. एका टेबलाशीं शिक्षिका आयांस शाळेच्या भाषेंतलें कार्ड वाचून दाखवीत होत्या, आणि एक म्हातारी आजी मध्येंच म्हणाली, ''अगं, हें तर आम्ही चिंचोक्यांनीं करायचों.'' शिक्षिकाबाई हंसल्या व त्यांनीं तिला चिंचोके आणावयास सांगितलें.

आमच्या माहितींत एक मोठी उणीव राहिली आहे. शास्त्रग्रंथ, सरकारी कागद व शिक्षणतज्ज्ञांचीं पुस्तकें यांत आईचा आवाज जवळजवळ नाहीं. पाटीपूजनास काय खर्च आला, पंतोजीस पहिल्या दिवशीं काय दिलें, मुलीस प्रथम शाळेंत धाडतांना घरांत काय बोलणें झालें, हें जुन्या घरांच्या रोजकीर्दींत, खासगी पत्रांत व वृद्ध स्त्रियांच्या आठवणींत विखुरलेलें असावें. वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं अशी एखादी नोंद असेल, मग ती एका ओळीची कां असेना, तर तिची नक्कल स्थळ व मिति यांसह मंडळाकडे धाडावी, अशी विनंति आहे. विशेषतः १९०० पूर्वींच्या स्त्रियांच्या पत्रांकडे आमचें लक्ष लागून राहिलें आहे.